एफवायचा (पदवीच्या पहिल्या वर्षाचा) पहिला महिना: वर्षभर नडणाऱ्या या चुका टाळा

ॲडमिशन झालं, फीची पावती हातात आली की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. आता फक्त अभ्यास, असं सगळ्यांना वाटतं. पण कॉलेज सुरू झाल्यानंतरचा पहिला महिना कागदपत्रांचा असतो. आज एका चकरेत होणारं काम फेब्रुवारीत चार चकरा मारूनही होत नाही, कारण तोवर मुदत गेलेली असते. ज्यांच्या घरातून कॉलेजात जाणारी ही पहिलीच पिढी आहे, त्या मुलामुलींना हे सांगणारं कुणी नसतं. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

फॉर्म भरला म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली, असं समजणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज भरायचा, प्रिंट कॉलेजच्या खिडकीवर द्यायची आणि मग विसरून जायचं. हा अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला तपासला जातो, मग संबंधित विभागाकडे जातो. दाखला अस्पष्ट स्कॅन झाला असेल किंवा उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली असेल, तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो आणि तुमच्याच लॉगिनमध्ये पडून राहतो. फॉर्म भरताना कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर दिला असेल, तर मेसेज त्याला जातात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. नंबर स्वतःचा किंवा घरातला द्या, युजर आयडी आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी अर्ज कुठे पोचला ते बघा.

अर्ज मंजूर होऊनही पैसे आले नाहीत, तर बहुतेक वेळा गोम बँक खात्यात असते. केवायसीसाठी (ओळख पटवण्यासाठी) बँकेत आधार दिलेलं असणं वेगळं आणि सरकारी रक्कम येण्यासाठी खातं आधारशी जोडलेलं असणं, म्हणजे सीडिंग, वेगळं. अशी रक्कम आधारशी ज्या बँकेचं खातं शेवटी जोडलं गेलं, तिथेच जाते. शाळेत असताना उघडलेलं आणि आता बंद पडल्यासारखं झालेलं खातं, किंवा मोबाइल दुकानात सिमसोबत उघडून दिलेलं खातं, यांपैकी एखादं जोडलेलं निघतं. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. बँक चुकीची दिसली, तर ज्या शाखेत पैसे हवेत तिथे सीडिंगचा फॉर्म भरून द्या. हे काम शिष्यवृत्तीची वाट बघताना नाही, अर्ज भरायच्या आधी करायचं.

एसवाय, टीवायच्या (दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाच्या) मुलांनीही लक्षात ठेवावं: गेल्या वर्षी मिळाली म्हणून यंदा आपोआप मिळत नाही. नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी करावा लागतो. मुलींसाठी आणखी एक. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. ती माहीत नसल्यामुळे कर्ज काढून फी भरणारी घरं आहेत, याचं फार वाईट वाटतं. कार्यालयात स्पष्ट विचारा.

कागद देऊन टाकणं

एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) जमा करण्याआधी तिच्या पाच-सहा झेरॉक्स काढून साक्षांकित करून घ्या आणि मोबाइलवर नीट स्कॅन ठेवा. मूळ कागद तपासून विद्यार्थ्याला परत द्यावेत, अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) २०१८ चं परिपत्रक सांगतं. ‘सगळी ओरिजिनल्स इथेच राहतील’ असं कुणी म्हटलं, तर निदान काय काय दिलं त्याची शिक्क्यासह पोच मागा. सीबीएसईतून आलेल्यांनी मायग्रेशन (आधीच्या बोर्डाचं स्थलांतर प्रमाणपत्र) आणि विद्यापीठाचा एलिजिबिलिटी (प्रवेश-पात्रतेचा) फॉर्म लांबवू नये. तो राहिला तर निकाल अडकतो.

नावाचं स्पेलिंग आजच तपासा. बारावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं असेल, तर एबीसी आयडीपासून (तुमची क्रेडिट ज्यात साठतात त्या ऑनलाइन खात्याच्या क्रमांकापासून) पदवी प्रमाणपत्रापर्यंत सगळीकडे अडचण येते. आणि राखीव प्रवर्गातून बीए करून पुढे बीएड किंवा एलएलबी करायचा विचार असेल, तर जातवैधता प्रमाणपत्राची (जातीचा दाखला खरा असल्याच्या प्रमाणपत्राची) तयारी टीवायच्या शेवटी नको. आजोबा-पणजोबांचे पुरावे शोधायला वेळ लागतो.

मित्राने घेतला तोच विषय घेणं

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट (विषयाचं वजन मोजण्याची एकक) असतात. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपण निवडायचा जादा विषय, आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. म्हणजे कॉमर्सवाल्याला भाषा, विज्ञानाच्या मुलीला अर्थशास्त्र असं काही शिकता येतं. ही चांगली संधी ‘सोपा कोणता’ एवढ्याच प्रश्नावर घालवू नका. दोन-तीन तासांना बसून बघा, विषय बदलायची शेवटची तारीख नोटीस बोर्डावरून टिपून घ्या, आणि वर्गाच्या ग्रुपवर आलेल्या तारखेवर विसंबू नका.

हजेरी डिसेंबरात भरून काढू

ती भरून निघत नाही. ७५ टक्के हजेरीचं गणित पहिल्या तासापासून सुरू होतं. उशिरा, तिसऱ्या फेरीत ॲडमिशन झालं असेल, तर आधीचे तास कसे धरणार हे वर्गशिक्षकांना विचारून घ्या. आजारपण असेल तर डॉक्टरांचा कागद बरं होताच द्या, डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी असलेल्यांची यादी) लागल्यावर नाही. बऱ्याच विद्यापीठांत इंटर्नलला (कॉलेजातल्या अंतर्गत परीक्षेला) वेगळं पासिंग असतं. लेखी परीक्षेत साठ गुण पडूनही इंटर्नलला गैरहजर म्हणून नापास झालेली मुलं दरवर्षी दिसतात.

एसटीने येणाऱ्यांनी बोनाफाईड (कॉलेजचा विद्यार्थी असल्याचा दाखला) पहिल्याच आठवड्यात काढावं. विद्यार्थी पासवर ६६.६७ टक्के सवलत मिळते. मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो, हे पहिल्या दिवशी कंडक्टरकडून कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. खोली घेताना डिपॉझिटची पावती घ्याच.

त्रास सहन करत राहणं

होस्टेलवर सीनियर रात्री उठवतात, कपडे धुवायला लावतात, आणि ‘सगळ्यांचंच होतं’ म्हणून मूल गप्प बसतं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते. लेखी तक्रार द्या, तारीख घालून. कॉलेजात बोलायची भीती वाटत असेल, तर १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. पालकांनी फोनवर ‘जेवलास का’ याच्यापुढे एक प्रश्न विचारावा.

एटीकेटीवाल्यांसाठी

एटीकेटी, म्हणजे काही विषय राहिले असतानाही पुढच्या वर्षात मिळालेला प्रवेश. वर गेलात म्हणजे मागचे विषय सुटले असं नाही. बॅकलॉगचा (राहिलेल्या विषयांचा) परीक्षा फॉर्म वेगळा भरावा लागतो, त्याची तारीखही बऱ्याचदा नियमित फॉर्मच्या आधी असते. कुठल्या विषयात लेखी राहिलं आहे आणि कुठल्यात इंटर्नल, हे गुणपत्रिकेवर नीट वाचा. इंटर्नल राहिलं असेल तर त्या विषयाच्या शिक्षकांना याच आठवड्यात भेटा. ती परीक्षा विभागाच्या पातळीवर होते आणि तिची सूचना बऱ्याचदा फक्त नोटीस बोर्डावर लागते.