समुद्री एंजलफिशला ऑक्सिजन कमी पडू नये म्हणून: ठाणे-नवी मुंबईतल्या रीफ टाक्यांसाठी

रीफ टाकीतला (म्हणजे जिवंत प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला) एंजलफिश मेला की पहिला संशय आजारावर जातो, दुसरा दुकानदारावर. पाण्यातल्या ऑक्सिजनची आठवण फार उशिरा होते, कारण दुपारी लाइट चालू असताना तो मोजला तर आकडा बहुतेक वेळा चांगलाच येतो. प्रवाळातली आणि दगडावरची शेवाळं तेव्हा ऑक्सिजन बनवत असतात. दिवे बंद झाले की तीच शेवाळं, प्रवाळ, दगडातले जिवाणू आणि मासे असे सगळे मिळून ऑक्सिजन खायला लागतात, आणि पहाटे दिवे लागण्याआधी पातळी सगळ्यात खाली असते. म्हणून टाकीचं नियोजन दुपारच्या नव्हे, पहाटेच्या आकड्यावर करायचं.

पाण्यात मावतो किती, माशाला लागतो किती

३५ पीपीटी खारेपणाच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार असलेल्या) पाण्यात २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. २८ अंशांना ६.४, ३० ला ६.२, ३२ ला जेमतेम ६. गोड्या पाण्यात हाच आकडा २५ अंशांना ८.२ च्या वर असतो, त्यामुळे गोल्डफिशच्या टाकीतला अंदाज इथे चालत नाही.

२५ वरून ३० अंशांवर गेल्यावर मावणारा ऑक्सिजन फक्त आठेक टक्क्यांनी घटतो, मग एवढं घाबरायचं कशाला? कारण माशाची गरज त्याच वेळी वाढते. दहा अंशांना साधारण दुप्पट असा ठोकताळा धरला तर पाच अंशांना चाळीस टक्के. जिवाणूंचंही तसंच. उन्हाळ्यात मासे दगावतात ते या दुसऱ्या आकड्यामुळे.

त्यात एंजलफिश दिवसभर फिरणारा, सतत दगड टोचणारा मासा. कोरल ब्यूटी किंवा फ्लेम एंजल दहा सेंटिमीटरच्या आसपास थांबतात, पण एम्परर एंजल घेताना निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं असलेलं पिल्लू असतं आणि पुढे ते ३५-४० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतं. लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट होतं आणि ऑक्सिजनची गरज पाच-सहापट. दोन वर्षांपूर्वी पुरेसा असलेला पंप आज पुरत नाही तो यामुळेच. ३०० लिटरच्या टाकीत एम्परर ठेवूच नये. पंप कितीही लावले तरी तो हिशेब जमत नाही.

मोजताना होणारी चूक

पहाटे साडेपाच-सहाला, दिवे लागण्याआधी मोजा. थेंबांचं किट असेल तर बाटली पाण्याखाली बुडवून काठोकाठ भरा, झाकणाखाली एकही बुडबुडा राहू देऊ नका, आणि टाकीशेजारीच चाचणी करा. मीटर वापरत असाल तर त्यात खारेपणा ३५ भरला आहे ना, ते आधी पाहा. मीटर गोड्या पाण्याच्या सेटिंगवर राहिला तर आकडा वीसेक टक्क्यांनी जास्त दाखवतो. खरी पातळी ५ असताना पडद्यावर ६.१ दिसतं आणि आपण निर्धास्त राहतो.

पहाटे ५.५ किंवा अधिक असेल तर ठीक. ५ च्या खाली गेलं की त्याच दिवशी काहीतरी बदला. ४ च्या आसपास आलं तर मोजत बसू नका, आधी एअर पंप लावा.

किट नसेल तर कल्ले मोजा. मासा शांत असताना संध्याकाळी ३० सेकंदांत कल्ले किती वेळा उघडतात ते लिहून ठेवा. दुसऱ्या माशाचा आकडा उपयोगाचा नाही, आपल्याच माशाचा हवा. पहाटे तो दीडपट झाला तर कारण शोधायलाच हवं.

हवा पाण्यात शिरते कुठून

बुडबुड्यांपेक्षा जास्त काम पाण्याचा पृष्ठभाग करतो. वेव्हमेकर (टाकीतलं पाणी ढवळणारा पंप) पृष्ठभागाच्या ८-१० सेंटिमीटर खाली, तोंड किंचित वर करून लावा. चारही कोपऱ्यांत पाणी थरथरताना दिसलं पाहिजे, पण पंप हवा ओढून खरखरायला नको. एखाद्या कोपऱ्यात तेलकट तवंग साचत असेल तर तेवढ्या भागाचा पृष्ठभाग हवेच्या कामाचा राहत नाही. फ्रोझन खाणं आणि तेलकट पेलेट यांनी तो लवकर धरतो. ओव्हरफ्लोच्या (टाकीच्या कडेला पाणी उतरायच्या जागेच्या) कंगव्यातून वरचा थर सतत खाली संपमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीत, जात असेल तर तवंग टिकत नाही. कंगव्यात शेवाळ अडकलं असेल तर ते आधी काढा.

दुसरा मोठा स्रोत स्किमर, म्हणजे हवेच्या फेसातून पाण्यातली घाण वेगळी काढणारं यंत्र. त्याच्या हवेच्या बारीक नळीत, जिथे ती पंपाला जोडलेली असते, तिथे मिठाचा पांढरा खडा धरतो. आवाज बदलतो, फेस पातळ होतो, कपात कमी घाण येते आणि आपण समजतो की पाणी स्वच्छ झालं. महिन्यातून एकदा पंप बंद करून त्या नळीतून कोमट आरओ पाणी सोडा.

काचेचं घट्ट झाकण नको. एंजल उडी मारतो म्हणून झाकण हवंच, पण जाळीचं. संपमध्ये केटोमॉर्फा शेवाळ असेल तर त्याचा दिवा रात्री नऊ ते सकाळी सात चालू ठेवा. टाकी अंधारात असताना तिथे ऑक्सिजन बनत राहतो.

उकाडा, पावसाळा आणि बंद खिडक्या

मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये पाण्यावर वारा मारणारा छोटा पंखा दोन-एक अंश खाली आणतो. जुलैत हवाच ओली असते, बाष्पीभवन होत नाही आणि तोच पंखा नुसता फिरतो. एंजल ठेवायचा असेल तर आपल्या हवेत चिलर धरूनच बजेट करा, आणि तो बाल्कनीजवळ ठेवा. बंद खोलीत ठेवला तर काढलेली उष्णता परत टाकीभोवतीच फिरते. पंखा वापरत असाल तर उडालेलं पाणी रोज आरओ पाण्याने भरा. खारेपणा वाढला की ऑक्सिजन आणखी कमी मावतो.

एसीच्या बंद खोलीत पीएच ७.९ च्या खाली राहिला की लोक ऑक्सिजनच्या नावाने घाबरतात. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. टाकीतलं पाणी दोन ग्लासांत घ्या, एकात खोलीतली आणि दुसऱ्यात खिडकीबाहेरची हवा तासभर सोडा. फक्त दुसऱ्याचा पीएच वाढला तर खोलीत कार्बन डायऑक्साइड साठला आहे. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढा. दोन्ही ग्लासांत वाढला तर दोष टाकीतल्या हालचालीचा आहे, आणि तिथे ऑक्सिजनही कमी असण्याची शक्यता मोठी.

सगळेच धापा टाकताहेत की एकटाच?

सगळे मासे वर, रिटर्नच्या (संपमधलं पाणी परत वर आणणाऱ्या पंपाच्या) तोंडाशी जमले असतील तर ऑक्सिजन, किंवा अमोनिया. जोरात एअर स्टोन (एअर पंपाला जोडलेला, बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावा. अर्ध्या तासात श्वास उतरला तर ऑक्सिजनच होता. एकटा एंजल वेव्हमेकरच्या धारेत तोंड घालून उभा असेल, उजेड टाळत असेल आणि बाकीचे मजेत असतील तर व्हेल्वेट (एका सूक्ष्म परजीवीचा आजार) किंवा कल्ल्यातल्या किड्यांचा संशय घ्या. व्हेल्वेट अंगावर दिसण्याआधी कल्ले धरतो. अशा माशाला भरपूर हवा द्याच, पण तेवढ्यावर थांबू नका, वेगळ्या टाकीत उपचार सुरू करा.

सायनो (दगड-वाळूवर चिकट थर धरणारे जिवाणू) मारायचं औषध, जिवाणू वाढवून नायट्रेट उतरवायला दिलेला व्होडका किंवा व्हिनेगरचा डोस, फॉर्मेलिन, यातलं काहीही वापरताना एअर स्टोन सोबत हवाच. मेलेलं शेवाळ आणि अचानक वाढलेले जिवाणू रात्रीतून ऑक्सिजन ओढतात. पाणी दुधाळ दिसलं तर डोस तिथेच थांबवा.

लाइट गेल्यावर

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली, तेव्हा काही भागांत पुरवठा यायला कित्येक तास लागले. सोसायटीचा जनरेटर बहुतेक ठिकाणी लिफ्ट आणि जिन्याच्या दिव्यांपुरता असतो. तेव्हा व्यवस्था आपल्यालाच करायची.

१२ व्होल्टच्या, १५० एएचच्या (अँपिअर-तास) बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात, हाती निम्मे धरा. १५ वॉटचा वेव्हमेकर आणि २० वॉटचा स्किमर एवढंच त्यावर असेल तर इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरूनही पंधरा-सोळा तास निघतात. त्याच लाइनवर दोन पंखे आणि दोन ट्यूब असतील तर चार-पाच तास. म्हणून टाकीसाठी वेगळी बॅटरी बरी. इन्व्हर्टर साइन वेव्हचा घ्या, स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुणगुणतात आणि तापतात. क्रम असा: आधी वेव्हमेकर, मग स्किमर, मग रिटर्न. चिलर घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका, कॉम्प्रेसर सुरू होतानाचा भार तो झेपवत नाही.

याशिवाय लाइट जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप ठेवा. एअर स्टोन १५-२० सेंटिमीटर खोलीवर पुरे, तळाशी सोडला तर छोट्या पंपाचा जोर दाबातच जातो. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर पंप थांबल्यावर पाणी उलटं फरशीवर येतं.

काहीच नसेल तर मग घ्या आणि टाकीतलं पाणी फूटभर उंचीवरून परत ओता. दर दहा मिनिटांनी पंचवीस-तीस मग. खाणं बंद, दिवे बंद. उकाडा असेल तर बर्फाची बंद बाटली संपमध्ये सोडा, पण तासाला एका अंशाहून जास्त उतरवू नका.

लाइट आल्यावर घाई नको. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) दोन-तीन तास बंद राहिला असेल तर त्यातल्या पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो आणि जिवाणू मरायला लागलेले असतात. ते पाणी टाकीत सोडू नका, बादलीत ओता, स्पंज टाकीच्याच पाण्यात हलकेच खंगाळा आणि मग फिल्टर चालू करा. स्किमरही पहिला तासभर उधाणतो, कप तेवढा वेळ काढूनच ठेवा.