डागातून उभी राहणारी माणसं

जलरंगात माणसं रंगवताना आधी पेन्सिलीने बाह्यरेषा काढून ती भरत बसलं, तर आकृती बरोबर येते पण ताठ येते. आधी रंगाचा डाग आणि मग त्यात माणूस, असा उलटा क्रम धरला की ठरवून कधीच न सुचलेल्या ढबी कागदावर सापडतात. लिओनार्दो दा विंचीनेही चित्रकारांना डागाळलेल्या भिंती न्याहाळायला सांगितलं होतं.

सामान मोजकंच लागतं. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरबरीत कागद (शक्यतो कॉटनचा), १० आणि ४ नंबरचे गोल ब्रश, टिश्यू, पाण्याची दोन भांडी. रंग दोनच, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा). दोघांच्या मिश्रणातून ऊबदार तपकिरीपासून थंड करड्यापर्यंत सगळे टोन मिळतात आणि चुकलं तर ते पुन्हा भिजवून कागदावरून बऱ्यापैकी उचलताही येतात. थॅलो ब्लू इथे नको; तो कागदाच्या तंतूंत मुरतो.

बर्न्ट सिएना दुधाइतका पातळ करा. आकृती ६ सेंटीमीटर धरली, तर डोकं ८ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. डोक्याचा ठिपका ठेवा, त्याखाली कॉलरपुरता कोरा कागद सोडा आणि १० नंबरचा ब्रश न उचलता खांद्यापासून खाली निमुळता होत जाणारा एकच डाग ओढा. तो ओला असतानाच एका खांद्यावर दाट अल्ट्रामरीन टेकवा. एका कागदावर असे आठ-दहा डाग करा.

आता लक्ष चकाकीवर ठेवायचं. ओला कागद चकाकत असतो तोवर रंग मऊ पसरतो. चकाकी उतरू लागल्यावर पाण्याचा थेंब टाकला, तर ते पाणी अर्धवट वाळलेला रंग कडेला ढकलतं आणि दातेरी किनार उमटते. एरवी हा दोष समजतात. इथे काही डागांवर तो मुद्दाम होऊ द्या. खांद्याच्या बाजूला आला तर कडेवरचं मूल होतो, डोक्यावर आला तर भारा. घड्याळ लावून हे जमत नाही. मे महिन्यात नागपुरात चकाकी बघताबघता जाते, पावसाळ्यात कोकणात ती बराच वेळ टिकते.

कागद पूर्ण वाळू द्या. मग तो वरची बाजू खाली येईल असा फिरवून, डोळे किलकिले करून थोडं लांबून बघा आणि दोन-तीनच डाग निवडा. प्रत्येकात गळ्याच्या खळगीतून खाली ओळंबा सोडल्याची कल्पना करा. एका पायावर उभ्या माणसात ही रेषा भार घेतलेल्या पायापाशी येते. त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि खांदा सहसा खाली येतो. रेषा पायांच्या बाहेर पडली की बहुतेकजण तो डाग टाकून देतात, आणि खरी संधी तिथेच निसटते. तोल सुटलेला डाग दुरुस्त करू नका, तोल सुटण्याचं कारण रंगवा. पुढे झुकला असेल तर हातगाडी ढकलू द्या. एका अंगाला कलला असेल तर विरुद्ध हातात भरलेली बादली द्या. मागे रेलला असेल तर दोरखंड ओढू द्या. माणूस काय करतोय हे डागाने सांगितलेलं असतं. आपण फक्त वस्तू पुरवतो.

यापुढे ४ नंबरच्या ब्रशचे तीन-चार फटकारे पुरेत. डोकं आणि एका बाहीमागची पार्श्वभूमी गडद करा, म्हणजे तेवढ्या कडा कापल्यासारख्या उठतील; दुसरी बाजू पार्श्वभूमीत विरघळू द्या. नाक-डोळे, बोटं काढूच नका.

आकृती तरंगते तेव्हा दोष बहुधा पायांचा असतो: दोन्ही सारख्या लांबीचे. एक आखूड ठेवा आणि पाऊल ओलं असतानाच त्यातून सावली ओढा. समान उंचीची माणसं सपाट जमिनीवर, आपणही तिथेच उभे असू तर सगळ्यांची डोकी जवळपास क्षितिजरेषेवर येतात. लांबच्यांचे फक्त पाय वर सरकतात. रंग मळकट झाला असेल, तर ओलसर थरात पुन्हा ब्रश फिरला आहे. तो वाळू द्या, स्वच्छ ओल्या ब्रशने भिजवा आणि टिश्यू दाबून उचला. घासलं तर कागदाचे तंतू सुटतात आणि पुढचा वॉश (पातळ रंगाचा थर) तिथे काळा पडतो.