छोटा आरसी मॉन्स्टर ट्रक बांधताय? मोटरला हात लावण्याआधी या चुका टाळा

१/१६ किंवा १/१८ मापाचा आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारा, मॉन्स्टर ट्रक घरात आला की थोड्याच दिवसांत प्रश्न सुरू होतो: यात ब्रशलेस (आत कार्बन ब्रश नसलेली, जास्त ताकदीची) मोटर कुठली बसेल? प्रश्न साहजिक आहे. ट्रकसोबत आलेली ३८० किंवा ३९० मापाची ब्रश मोटर लवकरच मंद वाटायला लागते. पण या मापाच्या ट्रकमध्ये मोटर सगळ्यात शेवटी बदलावी, असं माझं ठाम मत आहे. मोटरचा जोर पिनियन (मोटरवरचा छोटा गियर), स्पर गियर (त्याला लागून फिरणारा मोठा गियर), डिफ (डिफरन्शियल), ड्राइव्ह शाफ्ट आणि हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा) या वाटेने चाकापर्यंत जातो. यातला जो भाग सगळ्यात कच्चा, तो आधी जातो. तो धातूचा केला की त्याच्या शेजारचा जातो. आधी बेअरिंग, मग गियरची बसणी, मग शॉक (धक्के शोषणारे शॉक ॲब्सॉर्बर), मग सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) आणि शेवटी मुख्य मोटर, या क्रमाने गेलात तर निम्मे सुटे भाग मागवावेच लागणार नाहीत.

चाकं मोठी केली, पिनियन तीच ठेवली

मॉन्स्टर ट्रकला मोठी चाकं शोभतात, म्हणून पहिली हौस तिथेच होते. पण चाकाचा व्यास वाढवणं म्हणजे गियर बदलणंच आहे. समजा, ३२०० केव्हीची मोटर दोन सेलच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर आहे. इथे केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे. ७.४ व्होल्टवर बिनभाराचे २३,६८० फेरे झाले. एकूण गियर गुणोत्तर १२ आणि चाकाचा व्यास ८५ मिमी धरला, तर कागदावर ताशी ३२ किमीच्या आसपास वेग मिळतो. आता काहीही न बदलता १०५ मिमीची चाकं लावा. कागदावरचा वेग ३९ किमी झाला. ट्रक मात्र प्रत्यक्षात तेवढा पळत नाही. मोटरला जमिनीवर तेवढाच रेटा द्यायला जवळपास पावपट जास्त जोर लावावा लागतो, करंट वाढतो आणि दहा मिनिटांत मोटर चटका देते.

उपाय स्वस्त आहे. १७ दातांच्या पिनियनऐवजी १४ दातांची लावा, गणित पुन्हा जागेवर येतं. त्याआधी मोटर तेवढी पुढे सरकते का ते मोटर माउंटच्या खाचेत बघून घ्या; काही ट्रकमध्ये खाच नसते, दोनच ठरलेली भोकं असतात. ६६ इंची, म्हणजे माणसाच्या उंचीच्या टायरांवर चालणाऱ्या खऱ्या मॉन्स्टर ट्रकमध्येही हीच अडचण असते, म्हणून तिथे चाकाच्या हबमध्येच प्लॅनेटरी गियर घालून वेग उतरवलेला असतो.

नवी पिनियन किंवा नवी मोटर बसवली की पहिल्या तीन-चार मिनिटांनी थांबून तापमान बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. मोटर ८० अंश सेल्सियसच्या पुढे जात असेल तर एक दात कमी करा. शंभरीच्या आसपास सतत तापत राहिली की चुंबक कमजोर होतात, आणि ते नुकसान भरून येत नाही.

पिनियन आणि स्पर फार घट्ट किंवा फार सैल

नवे गियर सोलून निघाले की बहुतेक जण "प्लास्टिक हलकं होतं" म्हणतात आणि धातूचा स्पर मागवतात. दोष बहुतेक वेळा बसणीचा असतो. वहीच्या साध्या कागदाची बोटभर पट्टी दोन गियरच्या मध्ये घाला, मोटर स्परवर हलकेच दाबून स्क्रू आवळा, मग गियर हाताने फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या नागमोडी घड्या स्पष्ट उमटायला हव्यात, पण कागद फाटायला नको. फाटला तर बसणी घट्ट आहे, घड्या पुसट असतील तर सैल.

एवढ्यावर थांबू नका. स्पर कधीच अगदी गोल नसतो. तो पाव-पाव फेरा फिरवून चार ठिकाणी पिनियनशी किंचित हलतो का बघा आणि जिथे सगळ्यात घट्ट लागतो तिथे बसणी ठरवा. पिनियनचा बारका ग्रब स्क्रू मोटरच्या शाफ्टवरच्या सपाट भागावरच बसला पाहिजे. गोल भागावर आवळलेला स्क्रू काही उड्यांतच सरकतो, आणि मग पिनियन शाफ्टवर नुसती फिरत राहते.

स्क्रूची घाई

या ट्रकांचे बहुतेक स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये जातात. काढलेला स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा. एका क्षणी तो बारीक "टक" करून खाली बसतो. ती जुन्या आट्यांची सुरुवात. तिथून सुलटा आवळला तर तेच भोक वर्षानुवर्षं टिकतं. सरळ दाबून फिरवलात तर प्रत्येक वेळी नव्या आट्या कापल्या जातात आणि चौथ्या-पाचव्या वेळी स्क्रू धरतच नाही.

थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) फक्त धातूत जाणाऱ्या धातूच्या स्क्रूला: मोटरचे स्क्रू, पिनियनचा ग्रब स्क्रू. निळा पुरे, तोही एक थेंब. प्लास्टिकला लागला तर बरीच प्लास्टिकं ठिसूळ होऊन तडकतात, आणि मग आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा) विनाकारण तुटला असं वाटत राहतं. डब्यात येणाऱ्या एल-आकाराच्या किल्ल्या बाजूला ठेवा आणि १.५, २ आणि २.५ मिमीचे चांगले हेक्स ड्रायव्हर घ्या. जपानी तामिया किटमधले फुलीचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यांच्या खाचेत नीट बसत नाही, घसरून डोकं खातो.

मोटर फिरते, ट्रक हलत नाही

इथे रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार सर्रास होतो. ट्रक थांबला की लोक थेट ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पाटी) बदलायला निघतात. आधी ट्रक उचलून चाकं हाताने फिरवा.

एखादंच चाक काहीही अडथळा न येता मोकळं फिरत असेल तर त्याचं नट आणि हेक्स काढा. हेक्सच्या मागे एक्सलमधून आडवी जाणारी बारीक पिन असते. टायर बदलताना हेक्स बाहेर आला की ती पिन घरंगळते आणि कोणाच्याही लक्षात येत नाही. चाकं काढताना खाली पांढरा टॉवेल अंथरा. पिन जागेवर असून चाक सरकत असेल, तर प्लास्टिकचा हेक्स आतून गोल झाला आहे. हे धातूचे हेक्स मात्र पहिल्याच दिवशी घ्यावेत असे आहेत.

खडखड येत असेल तर पिनियन काढून मोटर एकटी फिरवा. आवाज थांबला तर दोष पुढे आहे. स्पर बोटाने फिरवत पुढचा आणि मागचा ड्राइव्ह शाफ्ट आळीपाळीने धरा. ज्या बाजूचा शाफ्ट धरल्यावर दात सुटल्याचा टकटक आवाज येतो, त्या बाजूचा डिफ उघडा. बऱ्याचदा गियर शाबूत असतात, फक्त क्राउन गियर (डिफवरचा मोठा गियर) किंचित बाजूला सरकलेला असतो. मागे एक पातळ शिम (वॉशरसारखी चकती) घातली की काम होतं.

ब्रशलेस मोटर जागच्या जागी थरथरते पण फिरत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा तीनपैकी एक वायर सुटली आहे. बुलेट कनेक्टर ओढून बघा, सोल्डर तपासा. सेन्सर वायर नसलेली ब्रशलेस मोटर उलटी फिरत असेल तर कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करा.

शॉकमध्ये तेल नाही, आणि स्प्रिंग कडक केली

स्वस्त ट्रकांच्या शॉकमध्ये बऱ्याचदा तेल नसतंच, नुसतं ग्रीस लावलेलं असतं. असा ट्रक उडीवरून उतरला की चेंडूसारखा टप्पे खातो. मग मालक कडक स्प्रिंग आणतो आणि टप्पे आणखी वाढतात. स्प्रिंग ट्रकचं वजन पेलते. उसळी थांबवण्याचं काम तेलाचं.

शॉक सुटा करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. खालच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. सिलिकॉन शॉक ऑइल पाऊण भागापर्यंत भरा आणि दांडा सावकाश वर-खाली करा. पिस्टनखाली अडकलेले बुडबुडे वर येतील. ते सगळे फुटेपर्यंत शॉक उभा ठेवून द्या. इथे घाई केलीत तर तेलाचा फेस होतो आणि ट्रक पहिल्या मिनिटाला वेगळा, पाचव्या मिनिटाला वेगळा वागतो. मग काठोकाठ भरून झाकण लावा, जादा तेल बाहेर येऊ द्या. दांडा पूर्ण आत गेला पाहिजे. मध्येच अडला तर तेल जास्त झालं आहे.

तेलाच्या घट्टपणाचं माप "वेट"मध्ये घेऊ नका, सीएसटी (सेंटिस्टोक) बघा. कंपनीगणिक वेट बदलतं, सीएसटी बदलत नाही. छोट्या ट्रकला ३०० ते ४०० सीएसटीपासून सुरुवात करा. बॅटरी आणि बॉडीसकट ट्रक फूटभर उंचीवरून सपाट सोडा. चेसिस जमिनीला जेमतेम टेकून एका दमात स्थिर झाली की तेल बरोबर. टप्पा आला तर घट्ट तेल घ्या. खडीवर चाकं जमीन सोडून थडथडत असतील तर पातळ. इंजिन ऑइल किंवा शिलाई मशीनचं तेल भरू नका, खनिज तेलाने ओ-रिंग फुगण्याची भीती असते.

उडीवर असताना थ्रॉटल दाबून ठेवणं हीसुद्धा याच घरातली चूक. हवेत चाकं सुसाट फिरतात आणि जमिनीला टेकताच एका क्षणात रोखली जातात. तो सगळा झटका डॉगबोन (दोन्ही टोकांना गाठ असलेला ड्राइव्ह शाफ्ट) आणि स्परवर येतो. हवेत थ्रॉटलने नाक वर जातं, ब्रेकने खाली येतं. त्याने ट्रक सपाट करा आणि टेकण्याआधी बोट सोडा.

सगळं ॲल्युमिनियमचं

लाल-निळे चमकणारे आर्म सुंदर दिसतात, हे मान्य. पण नायलॉनचा आर्म भिंतीला आपटल्यावर वाकतो आणि परत सरळ होतो. ॲल्युमिनियमचा एकदा वाकला की वाकडाच राहतो, किंवा स्वतः वाचून आतली बल्कहेड (डिफ आणि आर्म धरणारी चौकट) फोडतो, आणि ती बदलायला अर्धा ट्रक उघडावा लागतो. मोटर माउंट ॲल्युमिनियमचं असावं, कारण ते मोटरची उष्णता शोषतं. ड्राइव्ह शाफ्ट पोलादी असावेत. आर्म, बंपर, शॉक टॉवर नायलॉनचेच राहू द्या आणि एक जादा जोडी डब्यात ठेवा.

खर्च करायचाच असेल तर बेअरिंगवर करा. प्लास्टिकच्या किंवा ब्राँझच्या बुश काढून दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले बेअरिंग घाला. मापं व्हर्नियरने घ्या, अंदाजाने नको.

सर्व्हो, बॅटरी आणि वायरी

स्वस्त ट्रकांमध्ये सर्व्होला पाच वायरी असतात आणि रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग) आणि ईएससी एकाच पाटीवर असतात. नेहमीचा तीन वायरींचा सर्व्हो त्यात लागत नाही. मोठा मेटल गियर सर्व्हो मागवण्याआधी वायरी मोजा. पाच असतील तर सर्व्होसोबत वेगळा रिसीव्हर, ईएससी आणि रिमोटही घ्यावा लागेल, आणि मग तो खर्च करायचा की मुळातच दुसरा ट्रक घ्यायचा, याचा विचार आधी करा.

नवा सर्व्हो बसवताना आधी वीज द्या, रिमोटवरची ट्रिम (मध्य जुळवणारी कळ) शून्यावर आणा, सर्व्हो मध्यावर आला की मगच हॉर्न (सर्व्होच्या शाफ्टवरचा छोटा दांडा) लावा. स्टिअरिंग टोकाला नेल्यावर सर्व्हो गुणगुणत राहिला तर तो प्लास्टिकशी झुंजतोय. रिमोटवर त्याची हद्द कमी करा.

वळताना थ्रॉटल दिला की ट्रक क्षणभर मेल्यासारखा थांबतो आणि परत चालतो, हे दुखणं रेंजचं समजलं जातं. बहुधा ते बीईसीचं, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होला वीज पुरवणाऱ्या भागाचं असतं. ताकदवान सर्व्हो एकदम करंट खेचतो, ईएससीमधल्या बीईसीचा व्होल्टेज पडतो आणि रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. वेगळा बीईसी लावला की प्रश्न मिटतो.

लिपोच्या बाबतीत मात्र कुठेही सूट नाही. निकेल बॅटरीच्या चार्जरवर लिपो लावली तर आग लागू शकते. बॅलन्स चार्जरच (प्रत्येक सेल सारखा भरणारा) हवा, १५०० एमएएचच्या बॅटरीला १.५ अँपिअर, प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर थांबला पाहिजे. ईएससीचा कटऑफ (बॅटरी उतरली की मोटर थांबवण्याची मर्यादा) लिपोवर आहे ना ते बघा. क्विकरन १०६० सारख्या लोकप्रिय ब्रश ईएससीवर त्यासाठी बारीक जंपर (पिनांवर सरकवायची टोपी) असतो. तो निकेलवर राहिला तर सेल ३ व्होल्टच्या खाली जातात आणि बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी "एवढ्या वेळी चालवू" म्हणून लावू नये. मेमध्ये नागपुरात किंवा अकोल्यात बंद गाडीत बॅटरी ठेवणं हाही तोच धोका आहे. आणि पांढरा तामिया कनेक्टर गरम लागत असेल तर तो कापून एक्सटी-६० किंवा टी-प्लग लावा, प्लस-मायनस एका वेळी एकच वायर कापून.

धूळ, चिखल, समुद्र

"वॉटरप्रूफ" लिहिलेलं असतं ते फक्त इलेक्ट्रॉनिक्सबद्दल. बेअरिंग गंजतातच. चिखलातून आल्यावर बॅटरी काढा, ब्रशने माती झाडा, सुकवा, बेअरिंगला हलकं तेल द्या. रिमची हवेची भोकं टेपने बंद करून टायरच्या रबरात दोन बारीक भोकं पाडली तर आत शिरलेलं पाणी फिरताना बाहेर फेकलं जातं आणि टायरमधला फोम कुजत नाही. अलिबाग-मुरुडच्या वाळूत ट्रक देखणा दिसतो, पण खारं पाणी लागू देऊ नका. मिठाने खाल्लेली ईएससीची पाटी दुरुस्त होत नाही.

बॉडीबद्दल थोडक्यात. पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडी आतून रंगवायची. तामियाचे पीएस रंग त्यासाठी असतात. टीएस रंगांचे डबे तसेच दिसतात, पण ते कडक प्लास्टिकचे आहेत, इथे पापुद्रे निघतात. रंग सुकल्यावर चाकांच्या कमानींवर आतून जाळीची फायबर टेप, पीओपीवाले सांध्यांना लावतात ती, लवचिक चपलेच्या गोंदाने चिकटवा. इन्स्टंट गोंद नको, तो कडक होऊन तडकतो.

पावसाळ्यात ट्रक दोन-तीन महिने कपाटात जाणार असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून बॅटरी ट्रकमधून काढून ठेवा. चेसिसखाली एखादा डबा सरकवून चाकं अधांतरी ठेवा, नाहीतर टायरचा फोम एका बाजूने बसतो. रिमोटमधले सेलही काढा. पावसाळी दमट हवेत ते गळले की आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात.