मादी गेली, नर एकटा उरला: झेब्रा फिंचची पिल्लं कशी वाढू द्यावीत

झेब्रा फिंच या पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या छोट्या, दाणे खाणाऱ्या पक्ष्यात लागोपाठच्या विणींनी थकलेली मादी कधीकधी अचानक मरते. घरटं म्हणून टांगलेल्या मडक्यात चार पिल्लं आणि सांभाळायला एकटा नर. अशा वेळी घाबरून जाऊ नका. झेब्रा फिंचचा नर अंड्यांवर आळीपाळीने बसतो, पिल्लांना भरवतो. हे काम त्याच्या अंगवळणी असतं. आता त्याच्यावर दोघांचा भार आलाय, तो हलका करणं एवढंच आपलं काम.

पहिली गोष्ट, लगेच जोडीला दुसरी मादी सोडू नका. मी एकदा तिसऱ्याच दिवशी ही चूक केली. नव्या मादीला स्वतःची अंडी घालायची होती. दुसऱ्या सकाळी दोन पिल्लं जमिनीवर मरून पडलेली सापडली. ती माझ्या घाईने गेली, हे मी विसरलेलो नाही. मोठ्या पिंजऱ्यात इतर पक्षी असतील तर तेच दुसरीकडे हलवा. मडकं मात्र जागचं हलवू नका.

मग ऊब. साधारण दहा दिवसांपर्यंत पिल्लांना पुरेशी पिसं नसतात. नर खायला बाहेर पडला की मडकं गार होऊ लागतं, कारण त्याच्या जागी बसणारं कुणी नाही. हिवाळ्यात प्रकाश न देणारा सिरॅमिकचा हीटर-बल्ब जाळीच्या बाहेर, एकाच बाजूला लावा, म्हणजे नराला नको असेल तेव्हा दूर सरकता येईल. मडक्याला हात लावून बघा, कोमट लागावं, गरम नाही. पिल्लं एकमेकांपासून फाकून चोची उघडून पडली असतील तर ऊब जास्त झाली.

खाणं उजाडताच द्या, कारण रात्रभर पिल्लांच्या पोटात काही पडलेलं नसतं. उकडलेलं अंडं किसून द्या. पण उन्हाळ्यात दोन तासांत उरलेलं काढून टाका, ते लवकर नासतं. राळे रात्री भिजवून, चाळणीत धुऊन, पांढरा कोंब दिसला की द्या. भिजलेला मऊ दाणा नराला पटकन भरवता येतो. नेहमीचे कोरडे राळे, कोथिंबीर आणि समुद्रफेस (कॅल्शियमसाठी) हाताशी असू द्या. दिवस लहान असेल तर सकाळी लवकर दिवा लावा, म्हणजे भरवायला जास्त वेळ मिळतो.

संध्याकाळी एकदाच, नर बाहेर असताना, मडक्यात टॉर्च मारून बघा. पिल्लाच्या मानेच्या बाजूला पातळ कातडीखाली अन्नाची पिशवी फुगलेली असते आणि तिच्यात राळ्याचे दाणे चक्क एक एक करून दिसतात. पिशवी भरलेली असेल तर मडकं बंद करा आणि निघा. सगळ्यात छोट्याची रिकामी असेल तर पक्ष्यांच्या पिल्लांचं तयार हातखाद्य ३९ ते ४० अंशांवर कोमट करून बारीक सिरिंजने थेंब-थेंब द्या आणि त्याला परत भावंडांत ठेवा. दूध-पाव अजिबात नको. पिल्लं जास्त असतील आणि नर पुरा पडत नसेल, तर तितक्याच दिवसांची पिल्लं असलेल्या बेंगालीज (पाळीव फिंचचीच दुसरी जात) जोडीकडे एक-दोन सोपवता येतात. ही जात परकी पिल्लं सहसा सांभाळून घेते.

अठराव्या ते एकविसाव्या दिवसाच्या सुमारास काळ्या चोचीची पिल्लं बाहेर येतात. पाण्याचं भांडं उथळ ठेवा, नाहीतर ती बुडतात. बसायच्या दांड्या खाली लावा. बाहेर आल्यावरही नर त्यांना भरवत राहतो. साधारण ३५ दिवसांनी ती स्वतः खाऊ लागतात. त्यातले नर मात्र आणखी महिना-दीड महिना बापाजवळ राहू द्या, गाणं ते त्याचंच ऐकून शिकतात.

पिल्लं सुटी झाल्यावर मडकं काढून घ्या. सतत मडक्यात बसून नराची शेपटी वाकडी झालेली असते. ती पिसं झडून सरळ नवी येईपर्यंत त्याला नवी जोडी लावू नका.