गेटवरचा घरगुती लूप डिटेक्टर : या चुका टाळा

जमिनीत पुरलेल्या वायरीच्या वेटोळ्यावरून (लूप) गाडी ओळखून बॅरियर, म्हणजे गेटवरचा आडवा दांडा, चालवणारा घरी बनवलेला डिटेक्टर नीट चालेना की नवशिके आधी प्रोग्रॅम उघडतात आणि सेन्सिटिव्हिटी वाढवत सुटतात. दोष बहुतेक वेळा बोर्डात नसतोच, जमिनीतल्या वायरीत असतो.

सर्वांत महागात पडते ती लूपपासून बोर्डापर्यंत मोकळी, बिनपिळाची आणलेली वायर. नाशिकच्या इंदिरानगर भागातल्या एका सोसायटीत लूप चांगला होता, पण केबिनपर्यंतच्या दोन्ही वायरी पाइपातून सुट्या ओढल्या होत्या आणि पाइप सरकत्या लोखंडी गेटाला चिकटून. गेट हललं की डिटेक्टर म्हणे गाडी आली. त्यात मधला जॉइंट नुसता पिळून काळी टेप गुंडाळलेला. पावसाळ्यात पाइपात पाणी भरलं आणि मध्यरात्री बॅरियर आपोआप वर जाऊ लागला. बोर्ड बदलला, कपॅसिटर बदलला, फरक शून्य. शेवटी 500 व्होल्टचा मेगर (इन्शुलेशन तपासायचा मीटर) लावल्यावर लूप आणि जमीन यांच्यामधला रोध 1 मेगाओमसुद्धा भरेना. तो 10 मेगाओमच्या वर हवा.

1.5 चौ.मिमी.ची मल्टिस्ट्रँड वायर लूपपासून बोर्डापर्यंत एकसंध न्या. मीटरला किमान 20 पीळ हवेत. दोन्ही टोकं ड्रिलच्या चकमध्ये धरली की काम पटकन होतं. जॉइंट टाळताच आला नाही तर सोल्डरने डाग द्या आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. टेपवर भागवू नका. मेगर लावण्याआधी बोर्ड सोडवायलाच हवा, नाहीतर तो जळेल.

वेढे अंदाजाने घालू नका. लूपचा घेर 6 मीटरपेक्षा कमी असेल तर 4, 6 ते 10 मीटरला 3, त्यापुढे 2. वेढे वाढवून उंचावरचं लोखंड दिसत नाही. ती उंची ठरते लूपच्या आखूड बाजूवर, साधारण तिच्या दोन तृतीयांश. दिंडोरीकडच्या फार्महाउसवर 60 सें.मी. रुंदीचा लूप टाकलात तर ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या जागेत डिटेक्टर गाडी विसरणार आणि बॅरियर ट्रॉलीवर येणार.

वायर बसवायची खाच 4 मिमी रुंद, 30 ते 50 मिमी खोल. कोपरे 45 अंशांत तिरपे कापा, काटकोनात इन्शुलेशन चिरतं. सळयांपासून 15 सें.मी., लोखंडी गेटापासून किमान 1 मीटर लांब राहा. पेव्हर ब्लॉकच्या फटीत वायर कोंबणं म्हणजे आळस. ब्लॉक हलतात, वायर तुटते.

प्रोग्रॅममधली खरी चूक एकच: फ्रिक्वेन्सी कितीच्या वर गेली की गाडी आली समजायचं, ती मर्यादा कायमची ठरवून टाकणं. 100 मायक्रोहेन्री लूप आणि 0.1 मायक्रोफॅरड कपॅसिटर मिळून सुमारे 50 किलोहर्ट्झ देतात. कारने लूपचा इंडक्टन्स (तो मायक्रोहेन्रीचा आकडा) 1 टक्का कमी केला तर फ्रिक्वेन्सी 250 हर्ट्झने चढते, म्हणजे 100 मिलिसेकंदांच्या मोजणीत 25 आकडे. मोटारसायकलने 0.1 टक्का कमी केला तर जेमतेम 2-3. आता नाशिकची जानेवारीतली पहाट आणि उन्हात तापलेला बोर्डाचा डबा यांत 20 अंशांचा फरक धरा. पॉलिप्रोपिलीन कपॅसिटरसुद्धा तेवढ्यात फ्रिक्वेन्सी साधारण 100 हर्ट्झने सरकवतो, तीही गाडी आल्यावर सरकते त्याच दिशेने. साध्या सिरॅमिक डिस्क कपॅसिटरचं तर नावच नको.

म्हणून मूळ आकडा (लूप रिकामा असतानाची फ्रिक्वेन्सी) हवामानाबरोबर सावकाश सरकू द्या, पण गाडी लूपवर असेपर्यंत तो गोठवा. नाहीतर उभी गाडीच मूळ आकड्यात मुरते आणि बॅरियर तिच्या टपावर बसतो. वीज जाऊन आली तेव्हा लूपवर गाडी उभी असेल तरी हेच होतं, म्हणून सुरू होताना बोर्डाने ईईप्रॉममधला (वीज गेली तरी न पुसणारी मेमरी) जुना आकडा वापरावा.

शेजारी दुसरा लूप असेल तर कपॅसिटर बदलून दोघांच्या फ्रिक्वेन्सीत किमान 5 किलोहर्ट्झचं अंतर ठेवा.