गंजलेली टाकी धुवायला घेण्याआधी

गाडीची पेट्रोलची टाकी आतून गंजली की पहिला प्रश्न असतो, गंज काढायला काय ओतू? माझ्या मते हा प्रश्न खूप नंतर येतो. गंज विरघळायला दिवस-दोन दिवस लागले तरी काही बिघडत नाही. घाई होते ती नंतर. आम्लाने खरवडून उघडं पडलेलं लोखंड ओलं राहिलं, तर बघता बघता त्यावर पुन्हा तांबूस थर चढतो. ऐन वेळी बाजारात पळायला सवडच मिळत नाही. म्हणून लागणाऱ्या सामानाची यादी शेवटच्या कामापासून मागे मागे लिहावी.

टाकी कोरडी करायची सोय आधी जमवा. गरम हवा फेकणारं यंत्र किंवा केस वाळवायचा ड्रायर चालतो, पण तो पाण्याने धुवून पेट्रोलचा अंशही न उरलेल्या टाकीसाठीच. त्याआधी आत आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून ओतून टाकलं, तर कोपऱ्यांतलं पाणी त्याबरोबर निघतं. अल्कोहोलही पेट घेतं, म्हणून त्याची वाफ पूर्ण उडाल्यावरच ड्रायर लावायचा. टाकी कोरडी झाली की लगेच इंजिन ऑइल आत फिरवायचं, म्हणून तेही हाताशी हवं. कॉकचं, म्हणजे टाकीखालच्या तोटीचं, नवं पॅकिंग, कॉकची जाळी, झाकणाचं रबर, पेट्रोलची नळी आणि नवा फिल्टर याच वेळी आणून ठेवा. जुना फिल्टर परत लावू नका. धुतल्यावरही बारीक कण काही दिवस सुटत राहतात आणि कार्बोरेटरच्या जेटपर्यंत, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकापर्यंत, पोचायला त्यांना फार वेळ लागत नाही.

त्याच्या मागचं काम आम्ल मारण्याचं. त्यासाठी खाण्याचा सोडा आणि मुबलक पाणी लागतं. सोडा पाण्यात विरघळवून थोडा थोडा ओता आणि टाकीचं तोंड उघडं ठेवा. आम्लाला भेटला की तो फसफसतो, आणि झाकण लावलेलं असेल तर आत दाब चढतो.

आता आम्ल. माझी पसंती लिंबूसत्त्वाला, म्हणजे सायट्रिक ॲसिडला. एका लिटर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम पुरतं. टाकी काठोकाठ भरता येईल एवढं द्रावण हवं. अर्धी भरून चालत नाही, कारण वाफ गार होऊन थेंब धरतात ते छताला, आणि गंज तिथेही जोरात असतो. बारा लिटरच्या टाकीला सहाशे ग्रॅम ते सव्वा किलो पूड धरा. शिवाय भरलेल्या टाकीत बारा किलोच्या वर वजन असतं, ते पेलणारी भक्कम बैठकही हवी. पांढरं व्हिनेगर चालतं, मात्र त्याला वेळ जास्त लागतो. संडास धुवायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड नको. ते गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं, त्याच्या वाफा घशाला लागतात, आणि ब्लीचशी गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. विजेच्या प्रवाहाने गंज काढायची पद्धत उत्तम आहे, पण पहिल्यांदा करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. करायचीच असेल तर आत टांगायचा दांडा साध्या लोखंडाचा घ्या. स्टेनलेस स्टीलचा घेतला तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. तिथे हायड्रोजनही सुटतो, आणि थोडाफार तो आम्लातही सुटतो. म्हणून टाकी घट्ट बंद करायची नाही आणि जवळ ज्योत नको.

पापुद्रे सुटे करायला लोक नट-बोल्ट टाकून टाकी हलवतात. त्यापेक्षा साधी लोखंडी साखळी बरी: एक टोक तारेने बांधलं की सगळी एकदम बाहेर ओढता येते, आत काही राहिलं का ही शंका उरत नाही. जस्ताचा मुलामा असलेली साखळी आम्लात घालू नका. कॉकच्या आणि पेट्रोल दाखवणाऱ्या काट्याच्या भोकांसाठी रबराचा तुकडा आणि वर पत्र्याची पट्टी कापून ठेवा. बाहेरचा रंग वाचवायचा असेल तर तोंडाभोवती मेण किंवा ग्रीस लावून वर प्लॅस्टिक गुंडाळा. आम्लाचा ओघळ दिसताक्षणी पाण्याने पुसायचा.

आणि सगळ्याच्या आधी पेट्रोल. इथे घाई करणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि दूरच्या शेगडीवरही पेटू शकते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ मिसळली की भडका उडू शकतो. म्हणून भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली, हवा शिरलेली टाकी जास्त घातक. काम उघड्यावर करा, बॅटरी आधी सोडवा, ए-बी-सी पावडरचा अग्निशामक हाताच्या अंतरावर ठेवा. नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. पेट्रोल इंधनासाठीच्या झाकणाच्या डब्यात काढा आणि डब्यावर नाव लिहा. ते गटारात किंवा मातीत ओतायचं नाही; घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचं. रिकामी टाकी साबणाच्या पाण्याने वारंवार धुवा, वास गेला तरी एकदा जास्त. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाडीत पंप बहुधा टाकीतच असतो आणि नळीत दाब असतो, तेव्हा त्या गाडीचं माहितीपुस्तक आधी वाचा.

धुऊन झाल्यावर, आम्ल ओतण्याआधी, तळ बाहेरून अंगठ्याने दाबून पाहा आणि टाकी पाण्याने भरून रात्रभर कागदावर ठेवा. पत्रा दबला किंवा कागद ओला झाला, तर आम्लाने भोकं मोठीच होतील. बारीक छिद्रांना आतून इपॉक्सीचा लेप चालतो. पत्राच कुजला असेल तर दुसरी टाकी शोधा. जुन्या टाकीला घरी वेल्डिंग मात्र कधीच नाही, कितीही धुतलेली असली तरी.