फिका पडलेला खंड्या

आंजर्ल्याच्या खाडीकाठी टिपलेला खंड्या माझ्या संगणकावर झळझळीत निळा दिसे; पण छायाचित्रकार मित्रांना पाठवला की त्याची पाठ विटलेल्या लुगड्यासारखी फिकी पडे आणि सगळे बिचाऱ्या लेन्सलाच दोष देत. लेन्स निर्दोष होती. कॅमेऱ्यात अ‍ॅडोब आरजीबी हे रंगक्षेत्र, म्हणजे कोणता आकडा कोणती छटा हे ठरवणारी पद्धत, निवडलेले होते. त्यात हिरव्या-निळसर छटांना अधिक वाव असतो, मात्र फोटोसोबतची ही रंगक्षेत्राची नोंद न वाचणारी अ‍ॅप्स तेच आकडे १९९६ मध्ये मांडलेल्या आणि पुढे सर्वत्र रुळलेल्या एसआरजीबी या रंगक्षेत्राचे समजतात आणि रंग मंदावतात. मी पाठवायच्या प्रतीचे एसआरजीबीत रूपांतर केले. आधी नुसते 'असाइन' करून, म्हणजे आकडे तेच ठेवून फक्त नोंद बदलून, एक संध्याकाळ वाया घालवली होती. करायचे होते 'कन्व्हर्ट', म्हणजे छटा तीच ठेवून आकडे बदलणे. आता चर्चा लेन्सऐवजी खंड्याच्या चोचीतल्या निवट्यावर रंगते.